फवारणीची बाधा: लाळ थांबली, मग मान का उचलत नाही?

पऱ्हाटी_परभणी:
कपाशीवर फवारताना बाधा झाली की दंडाचं, मांडीचं मांस कातडीखाली वळवळतं. ॲट्रोपिन (या बाधेवरचं इंजेक्शन) चालू केलं की लाळ-घाम थांबतो. पण काही पेशंटला दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी मान उचलत नाही, दम लागतो. हे काहून होतं? डोस कमी पडतो का?

औषधशास्त्र_शिकवणारा:
डोसचा प्रश्नच नाही, ॲट्रोपिनचं ते कामच नाही.

चेतातंतू स्नायूला चिकटलेला नसतो, मध्ये सुमारे ५० नॅनोमीटरची फट असते. संदेश आला की तंतूच्या टोकातून ॲसिटिलकोलीन हे संदेश नेणारं रसायन सुटतं, स्नायूवरच्या निकोटिनिक ग्राहीवर (रसायन झेलणाऱ्या जागेवर) बसतं, सोडियम आत शिरतं, स्नायूच्या आत कॅल्शियम मोकळं होतं आणि स्नायू आकसतो. कोलिनेस्टरेज हे विकर (एन्झाइम) ते ॲसिटिलकोलीन मिलिसेकंदभरात तोडतं, म्हणून स्नायू पुढच्या संदेशाला मोकळा होतो. मोनोक्रोटोफॉस, क्लोरपायरीफॉस, प्रोफेनोफॉस ही कीटकनाशकं या विकरालाच जखडतात. मग फट भरलेलीच राहते. आधी स्नायूचे तंतू मनाला येईल तसे उडतात, ती वळवळ. मारा थांबलाच नाही की सोडियमच्या वाहिन्या बंद पडतात. संदेश येतो, स्नायू दाद देत नाही.

ॲट्रोपिन फक्त मस्करिनिक ग्राही, म्हणजे त्याच रसायनाच्या दुसऱ्या प्रकारच्या जागा, अडवतं: ग्रंथी, श्वासनलिका, हृदय, डोळ्याची बाहुली. हातापायाच्या स्नायूंना त्याचा काडीचा उपयोग नाही. बाहुली मोठी झाली म्हणून बाधा उतरली समजू नये.

आयसीयू_रात्रपाळी:
तिसऱ्या दिवशीचं ते इंटरमीडिएट सिंड्रोम. बाधेनंतर २४ ते ९६ तासांत येतं. उशी काढून पेशंटला उताणं निजवा आणि डोकं उचलून धरायला सांगा. जमत नसेल तर ऑक्सिजन ९८ दिसत असला तरी त्याला वॉर्डात सोडू नका. आकडा पडतो तो सगळ्यात शेवटी. मानेनंतर खांदे, मांड्या, मग श्वासाचे स्नायू. यावर उतारा नाही. ग्राही पूर्ववत होईपर्यंत व्हेंटिलेटर, आणि त्यात आठवडा-दोन आठवडे सहज जातात.

ॲट्रोपिन ०.६ मिलिग्रॅमचे ३ ते ५ ॲम्प्युल, फरक नसेल तर दर ५ मिनिटांनी दुप्पट. छाती कोरडी, नाडी ८०च्या वर, वरचा बीपी ८०च्या वर, हे बघून थांबायचं. पाम (प्रॅलिडॉक्झिम, जखडलेलं विकर सोडवणारं औषध) द्यायचं ठरलं तर लवकर: किलोला ३० मिलिग्रॅम सावकाश, मग तासाला किलोमागे ८. उशीर झाला की विष विकराला कायमचं चिकटतं. मोनोक्रोटोफॉससारख्यात जखडलेल्या विकरातलं निम्मं चारेक तासांतच असं कायमचं जातं, क्लोरपायरीफॉसमध्ये साधारण दीड दिवसात. पामच्या फायद्याबद्दल अभ्यासांचं एकमत नाही, हेही खरं.

श्वासाची नळी टाकताना स्कोलीन (स्नायू ढिले करणारं औषध) टाळा. ते रक्तातल्या कोलिनेस्टरेजनंच तुटतं, आणि इथं तेच जखडलेलं. पाच मिनिटांचं औषध तासन्‌तास चालतं.

पऱ्हाटी_परभणी:
१०८ येईपर्यंत शेतात काय करायचं?

कृषी_सल्ला:
कपडे उतरवा. अंग, केस, नखांच्या खाचा साबणानं धुवा; धुणाऱ्यानं हातमोजे घालावेत. उलटी करवू नका, डाव्या कुशीवर निजवा. आणि तुंबलेलं नॉझल तोंडानं फुंकायचं बंद करा, सुई-काडीही नको. पाण्यात बुडवून मऊ ब्रशनं निघतं.

बाटली आणि आतला कागद पेशंटबरोबर पाठवाच. इमिडाक्लोप्रिड किंवा सायपरमेथ्रिन असेल तर विकर जखडलेलं नसतं, पामचा उपयोगच नाही. बाटलीवरचा निळा त्रिकोण, लाल त्रिकोण (विषारीपणाची खूण) एवढं सांगून डॉक्टरांना काही कळत नाही. त्यांना औषधाचं नाव लागतं, कंपनीचं नाही.