अमेरिकी संसदेत पुजाऱ्याची प्रार्थना: निमंत्रण आलं तर स्वीकारावं का?

पळसपान
१४ सप्टेंबर २००० रोजी ओहायोतल्या पार्मा इथल्या शिव-विष्णू मंदिराचे पुजारी वेंकटाचलपती समुद्राला यांनी अमेरिकेच्या प्रतिनिधीगृहात प्रार्थना म्हटली. तिथली ती पहिली हिंदू प्रार्थना. वाजपेयींचं संयुक्त सभेपुढचं भाषणही त्याच दिवशी होतं.

माझ्या मते असं निमंत्रण स्वीकारावं, पण तयारीने. नाव सभागृहातल्या सदस्याने सुचवावं लागतं. समुद्राला यांचं नाव ओहायोचे तेव्हाचे सदस्य शेरॉड ब्राउन यांनी सुचवलं होतं. प्रार्थना साधारण १५० शब्दांत बसवायची. पक्षीय राजकारण, पंथांचे वाद, सरकारी धोरण यांतलं काहीही त्यात चालत नाही.

घोटाळा होतो तो पूजेच्या सवयीमुळे. 'क्रौंचद्वीपे, रमणकवर्षे' असा, अमेरिकेत म्हणतात तो स्थळ-काळाचा संकल्प सांगायला घेतला की अर्धा वेळ तिथेच संपतो. समोर कलश नाही, अग्नी नाही, यजमान नाही; मग संकल्प कशाचा? दोन ओळींचा मंत्र, लगेच त्याचा इंग्रजी अर्थ, आणि शांतिपाठ. एवढं पुरे.

डोंगरवाट
मला मुळात जाणंच पटत नाही. नेब्रास्का या अमेरिकी राज्याच्या विधिमंडळात एकच प्रेस्बिटेरियन धर्मोपदेशक १६ वर्षं होता, महिना ३१९.७५ डॉलर पगारावर. १९८३ साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने ६ विरुद्ध ३ मतांनी ते वैध ठरवलं, मुख्य आधार असा की ही प्रथा पहिल्या काँग्रेसपासून, म्हणजे पहिल्या अमेरिकी संसदेपासून, चालत आली आहे. आपला पुजारी एक सकाळ तिथे उभा राहिला की 'बघा, सगळ्यांना जागा आहे' असं म्हणायला त्यांना पुरावा मिळतो. रोजची व्यवस्था आहे तशीच राहते.

आपल्याकडे १७ ऑक्टोबर १९४९ रोजी संविधान सभेत ह. वि. कामतांनी घटनेच्या उद्देशिकेची सुरुवात ईश्वराच्या नावाने करावी, अशी दुरुस्ती मांडली. ती ४१ विरुद्ध ६८ मतांनी पडली. विरोध करणाऱ्यांत श्रद्धाळू माणसंही होती. श्रद्धेवर मतदान घेणंच त्यांना गैर वाटलं. तो विचार मला आजही मोलाचा वाटतो.

पळसपान
पण आपण गेलो नाही तर प्रार्थना बंद होणार आहे का? ती होणारच, फक्त आपल्यावाचून. १२ जुलै २००७ रोजी हिंदू पुरोहित राजन झेद सिनेटमध्ये, म्हणजे संसदेच्या दुसऱ्या सभागृहात, प्रार्थनेला उभे राहिले तेव्हा प्रेक्षक सज्जातून तिघांनी आरडाओरडा केला. त्यांना बाहेर काढून अटक झाली आणि प्रार्थना पूर्ण झाली. त्या सभागृहात हिंदूलाही तेवढाच हक्क आहे, हे त्या दिवशी कामकाजाच्या नोंदीत उतरलं. मी याला शोभेची जागा म्हणणार नाही.

ऋचा_पाठ
मंत्राच्या निवडीबद्दल बोलायला हवं. झेद यांनी गायत्री घेतली. 'धियो यो नः प्रचोदयात्', आमच्या बुद्धीला प्रेरणा दे, हे कायदे करणाऱ्यांपुढे शोभतं, मान्य. पण गायत्री हा उपनयनात कानात दिला जाणारा मंत्र. सज्जाखाली, माइकवरून म्हणणं अनेक वैदिकांना रुचत नाही. ऋग्वेदाचं शेवटचं सूक्त (१०.१९१) याच प्रसंगाचं आहे. 'समानो मन्त्रः समितिः समानी' यात समिती हा शब्दच आहे! 'सं गच्छध्वं सं वदध्वम्' ही ऋचा धरून दोन ऋचा सहज बसतात. मात्र पदं तोडून, सावकाश म्हणावीत. घाईत 'संवदध्वं'चा 'ध्वं' गिळला जातो.

डोंगरवाट
मंत्र उत्तम आहे, पण दारावरची अट बघा. पाहुण्या उपदेशकाला रीतसर धर्मदीक्षा झालेली असावी, अशी प्रतिनिधीगृहाची अट. डॅन बार्कर या नास्तिकाला नाकारल्याचा खटला २०१९ मध्ये अपील न्यायालयात गेला. तिथे न्यायालयाने मान्य केलं की सभागृह प्रार्थना धार्मिकच असावी असं म्हणू शकतं. चर्चमधल्या दीक्षेच्या मापाने आपल्याला मोजायचं तर गुरव कुठे बसतो? घरोघरी पौरोहित्य करणाऱ्या बायका कुठे बसतात? वेदपाठशाळेत दहा वर्षं घालवलेल्या माणसाकडेही चर्चसारखं दीक्षापत्र नसतं. मंदिराच्या विश्वस्तांचं पत्र चालवून घेतलं, तर पुरोहित कोण हे विश्वस्त ठरवणार.

ऋचा_पाठ
हा मुद्दा खरा आहे आणि माझ्याकडे त्याला पुरतं उत्तर नाही. म्हणूनच नाव सुचवणाऱ्या सदस्याला आधीच लेखी कळवावं की आमच्यात अधिकार अध्ययनाने आणि परंपरेने येतो, एका विधीने नव्हे. आणि पहिलं नाव एखाद्या स्त्री-पुरोहिताचं द्यावं. नकार आलाच, तर तो कोणत्या अटीवर आला हे निदान कागदावर राहील.