मदत हवी आहे : चौदाव्या विधानसभेचा तक्ता कसा मांडावा?

नमस्कार मंडळी. आमच्या गावच्या वाचनालयात स्पर्धा परीक्षेची तयारी करणाऱ्या मुलांसाठी महाराष्ट्राच्या चौदाव्या विधानसभेचा (२०१९ ते २०२४) तक्ता करतोय. २८८ आमदार, मतदारसंघ, पक्ष आणि पदाधिकारी असा.

अडचण पक्षाच्या रकान्याची आहे. निकाल लागला तेव्हा भाजप १०५, शिवसेना ५६, राष्ट्रवादी ५४, काँग्रेस ४४. पुढे शिवसेना फुटली, मग राष्ट्रवादी. जानेवारी २०२४ मध्ये अध्यक्ष राहुल नार्वेकरांनी शिंदे गटाला, फेब्रुवारीत अजित पवार गटाला मूळ पक्ष मानलं. मग आमदारापुढे निवडून आला तो पक्ष लिहायचा की मुदत संपतानाचा? माझ्या मते दोन्ही हवेत, नाहीतर मुलांना चित्र अर्धवटच कळेल. पण तक्ता फार रुंद होतोय.

अध्यक्षपदाचंही तसंच. नाना पटोलेंनी फेब्रुवारी २०२१ मध्ये राजीनामा दिला. नार्वेकर निवडून आले ३ जुलै २०२२ ला. मधल्या काळात कामकाज उपाध्यक्ष नरहरी झिरवाळांनी पाहिलं. तिथे ‘पद रिक्त’ लिहावं की झिरवाळांचं नाव?

पोटनिवडणुकांसाठी (पंढरपूर, देगलूर, कोल्हापूर उत्तर, अंधेरी पूर्व, कसबा, चिंचवड) वेगळी पुरवणी ठीक राहील ना?

असा तक्ता कोणी केला असेल तर कृपया फोटो टाका. विधिमंडळाची सदस्य परिचय पुस्तिका कोणाकडे असेल तर तेही कळवा, नावांचं शुद्धलेखन ताडून घ्यायचंय.