मदत हवी आहे: जुन्या फिनिश वाटीला हळद लागलीय, आणि मुळात यात जेवावं की नाही?

नमस्कार मंडळी, धागा थोडा लांबणार आहे, आधीच माफी.

आम्ही एस्पूला राहतो, हेलसिंकीच्या अगदी शेजारी. नवरा आयटीत, मी सध्या घरी आणि फिनिश शिकतेय (म्हणजे रडतेय). इथे आल्यापासून मला किरप्पुतोरीचं व्यसन लागलंय. किरप्पुतोरी म्हणजे इथला जुना बाजार, लोक आठवड्याभरासाठी एक टेबल भाड्याने घेतात, घरातलं नको असलेलं सामान किमतीच्या चिठ्ठ्या लावून मांडतात आणि चक्क निघून जातात, आपण वस्तू उचलायची आणि काउंटरवर पैसे द्यायचे. घासाघीस नाही. मला पहिल्या दिवशी काहीतरी चुकल्यासारखंच झालं.

तर तिथे मला आराबिया या फिनिश कंपनीची भांडी सापडायला लागली. पहिल्यांदा सहा रुस्का प्लेट घेतल्या. तपकिरी, पण एकीसारखी दुसरी नाही, एक जळक्या गुळाच्या रंगाची तर दुसरी कडेला पार काळपट. रुस्का म्हणजे इकडे शरदात पानं रंगतात ना, लॅपलंडमध्ये तर डोंगरच्या डोंगर लाल होतात, त्याला म्हणतात. उल्ला प्रोकोपे नावाच्या बाईंनी १९६० च्या सुमारास काढलेला सेट, पुढे १९९९ पर्यंत बनत होता. त्यात थालीपीठ आणि वर लोण्याचा गोळा असा काही शोभतो की बास.

मग एक पांढरी वाटी घेतली, चिठ्ठीवर लिहिलेलं "किल्टा, ५० चं दशक", १८ युरो. नवरा म्हणाला, एका वाटीला? मी म्हटलं काय फ्रांक नावाच्या डिझायनरचं डिझाइन आहे. तो म्हणाला, काय? मी म्हटलं हो, काय. (हा विनोद आमच्या घरी आता रोज होतो.)

ऑगस्टमध्ये आई आली होती. तिने वाटी उलटी करून शिक्का वाचला आणि विचारलं, "आराबिया? दुबईची का गं?" तिला सांगितलं की हेलसिंकीत आराबिया नावाची वस्तीच आहे, कारखान्याच्या आधीपासून त्या जागेचं नाव तेच, स्वीडनच्या रोरस्ट्रांड या भांड्यांच्या कंपनीने १८७३ मध्ये तिथे कंपनी काढली आणि जागेचंच नाव मालाला लागलं. तिने ऐकलं, मान डोलावली, आणि रात्री उरलेली चिंचगुळाची आमटी त्याच वाटीत घालून फ्रीजमध्ये ठेवली.

सकाळी बघते तर वाटीच्या आतून पिवळ्या रेघांचं जाळं!! विकत घेतली तेव्हा बारीक केसासारख्या रेघा आहेत हे मला दिसलंही नव्हतं, हळदीने त्या सगळ्या जणू पेनाने गिरवून काढल्या. लिक्विडने घासलं, खायचा सोडा लावला, शेवटी रात्रभर व्हिनेगरमध्ये बुडवली. ढिम्म नाही. आईला अजून बोललेले नाहीये, ती परत जाईपर्यंत वाटी कपाटात मागे लपवली होती.

आता प्रश्न. ही हळद जाईल का? जुन्या ग्लेझमध्ये (वरच्या काचेसारख्या थरात) शिसं असतं म्हणतात, तर यात जेवायचं की नुसतं शोकेसमध्ये ठेवायचं? (मला शोकेस नकोय, मला वापरायचीयेत.) आणि ही खरंच किल्टा आहे का? एका फिनिश शेजारणीने बघून सांगितलं की तीमा नावाची भांडीसुद्धा अगदी अशीच दिसतात आणि ती आजही दुकानात मिळतात. मग माझे १८ युरो गेले का?

तांपेरेचा_तात्या
ताई, आधी शेवटच्या प्रश्नाचं. शेजारीण बरोबर आहे, दोन्ही डिझाइन एकाच माणसाची. काय फ्रांकने किल्टा आणलं १९५३ मध्ये. तेव्हा लोकांकडे युद्धानंतरची छोटी घरं आणि इथल्या पद्धतीप्रमाणे बारा माणसांचे नक्षीदार डिनर सेट. फ्रांकचं म्हणणं, सेट फोडून टाका. वर्तुळ, चौकोन, आयत एवढेच आकार, एकरंगी, एकात एक बसणारं, सुटं सुटं विकत मिळणारं, म्हणजे पगार झाला की दोन वाट्या घ्या. आपल्याकडे स्टीलची भांडी मोड देऊन हळूहळू जमवायचे तसंच. सत्तरच्या दशकाच्या मध्यात किल्टा बंद झालं आणि १९८१ ला तेच थोडं बदलून तीमा नावाने परत आलं, सुरुवातीला आराबियाच्याच शिक्क्याने. त्यामुळे नुसत्या शिक्क्यावर जाऊ नका. हां, "मेड इन फिनलंड" असेल तर निदान ती अलीकडची नाही एवढं नक्की, हेलसिंकीतला कारखाना २०१६ ला बंद झाला.

खरा फरक मातीत आहे, ते कुणी मातीवालंच सांगेल.

मातीकाम_पुणे
मातीवाली हजर. मी पॉटरी करते, आराबिया हातात घेतलेलं नाही पण माती सगळीकडे सारखीच वागते.

किल्टा अर्दनवेअर आहे आणि तीमा त्याहून जास्त तापमानाला भाजलेलं स्टोनवेअर. अर्दनवेअर आतून सच्छिद्र राहतं, वर काचेचा थर असतो म्हणून पाणी गळत नाही इतकंच. वर्षानुवर्षं ती माती हळूहळू ओलावा पिते, किंचित फुगते, वरच्या काचेला फुगता येत नाही, मग काच तडकते. त्याच तुमच्या केसासारख्या रेघा. आमटी त्या रेघांतून खालच्या मातीत गेलीय, म्हणून घासून काही होत नाही, डाग वर नाहीच आहे.

एक करून बघा. वाटीला कुठे टवका गेलाय का? तिथे उघड्या मातीवर पाण्याचा एक थेंब ठेवा. शोषला तर अर्दनवेअर. तसाच बसून राहिला तर स्टोनवेअर. नखाने टिचकी पण मारा, स्टोनवेअर टण्ण वाजतं, अर्दनवेअर जरा बद्द.

आणि व्हिनेगर!! ताई, शिशाची शंका असलेल्या भांड्यात रात्रभर व्हिनेगर म्हणजे शिसं बाहेर काढायचीच रीत झाली. लॅबमध्ये तपासताना असंच पातळ अ‍ॅसिटिक अ‍ॅसिड भरून २४ तास ठेवतात आणि मग त्यात काय उतरलं ते मोजतात. ते परत करू नका.

बरणीवाली
मला पहिला प्रश्न हा पडला की काकूंनी आमटी पातेल्यातच का नाही ठेवली 😄

जोक सोडा, आमच्याकडे आजीच्या चिनी मातीच्या बरण्या आहेत, खाली पांढऱ्या वर तपकिरी, चाळीस वर्षं त्यात लोणचं मुरतंय, काही होत नाही. मग या वाटीलाच काय झालं?

मातीकाम_पुणे
@बरणीवाली, बरणी स्टोनवेअर असते, जास्त भाजलेली, म्हणूनच लोणच्याला चालते. सगळ्या चिनी मातीला एकच नाव देतो आपण, तिथे गोंधळ होतो. या ताईंच्या रुस्का प्लेट पण स्टोनवेअर, म्हणजे बरणीच्या जवळच्या नात्यातल्या. त्यात भाकरी, थालीपीठ, पोहे बिनधास्त. पांढऱ्या वाटीत मात्र चिंच, कोकम, लिंबू, टोमॅटो नको, आणि काही भरून ठेवायचं तर नाहीच. शेंगदाणे, खारका, फुटाणे ठेवा. मायक्रोवेव्हपण नको, मातीत मुरलेलं पाणी तापतं आणि जेवण गार, वाटी चटका देणारी असं होतं. अगदी खात्री हवी असेल तर लॅबमधून तपासून घ्या, घरी पुसून बघायच्या किटवर मी फार विसंबणार नाही.

एस्पूतली_मीच (धागाकर्ती)
बापरे, व्हिनेगरचं ऐकून पोटात गोळा आला. आईला आता तर अजिबातच सांगत नाही.

थेंब ठेवला. बुडाला तांदळाच्या दाण्याएवढा टवका आहे, तिथे ड्रॉपरने एक थेंब सोडला आणि मोबाइलचा टॉर्च लावून बसले. आधी टपोरा, मग सपाट झाला, मग कडेने माती काळपट होत गेली आणि मिनिटाभरात थेंब गायब!! टिचकीपण बद्द. शेजारणीकडची तीमा आणून वाजवली, ती टण्ण. म्हणजे जी रेघ बघून मी रडत होते तीच किल्टाची खूण निघाली का?

मातीकाम_पुणे
बहुतेक हो. तीमाला सहसा अशा रेघा पडत नाहीत, पडल्या असत्या तरी हळद इतकी आत शिरली नसती. आता डाग. क्लोरिनचं ब्लीच नको, ते मातीत अडकून बसतं. फार्मसीतलं ३ टक्के हायड्रोजन पेरॉक्साइड आणा, वाटी आधी साध्या पाण्यात भिजवा, मग त्यात बुडवून एक-दोन दिवस झाकून ठेवा, नंतर पुष्कळ पाणी बदलत भिजवा आणि आठवडाभर वाळू द्या. बाकी हळदीला सगळ्यात मोठा शत्रू ऊन. प्लास्टिकच्या डब्याचं पिवळं झालेलं झाकण उन्हात ठेवतो तसंच. पेरॉक्साइडनंतर रोज उन्हात ठेवा. पूर्ण जाईलच असं नाही, फिकी नक्की होईल.

एस्पूतली_मीच
ऊन??? ताई, नोव्हेंबर संपत आलाय, इथे साडेतीनला अंधार होतो. गेल्या दहा दिवसांत मी सूर्य पाहिलेला नाही.

तांपेरेचा_तात्या
मार्चपर्यंत थांबा. आम्ही सगळेच थांबतो.

एस्पूतली_मीच
थांबवत नाही, म्हणून पेरॉक्साइड करून टाकलं. मोठ्या रेघा गेल्या, बारीक अजून आहेत, लिंबाच्या सालीच्या रंगाच्या. १४ तारखेला पुण्याला येतोय. वाटी नवऱ्याच्या लोकरी मोज्यात घालून, वर स्वेटर गुंडाळून हँडबॅगेत घेतलीय. आईला फोनवर सांगून टाकलं एकदाचं. ती म्हणाली, "एवढंच ना? आण इकडे, गच्चीवर सांडग्यांशेजारी ठेवते."