अंतर्गळ, जाळी आणि दोंडाईचाची मच्छरदाणी

शिंदखेडेकर :
माझ्या मामांच्या जांघेत अंतर्गळ (हर्निया, म्हणजे पोटाच्या भिंतीतल्या भोकातून आतला भाग बाहेर येणे) उतरला असून धुळ्याच्या सर्जननी शस्त्रक्रिया करून त्या भोकावर प्लास्टिकच्या धाग्यांची जाळी बसवण्याचा सल्ला दिला आहे. घरच्यांचा मात्र 'अंगात प्लास्टिक कशाला?' असा हेका आहे. माझे मत जाळीच्या बाजूचे आहे. जुन्या पद्धतीत भोकाच्या दोन्ही कडा ओढून शिवत असल्याने टाक्यांवर ताण राही आणि तिथूनच गाठ पुन्हा उतरे. जाळी ताण न देता पसरता येते आणि तिच्या छिद्रांतून शरीराचेच तंतू वाढून ती पोटाच्या भिंतीत मुरते. खर्चाचे उत्तर तर आपल्या धुळे जिल्ह्यातल्या दोंडाईचातूनच निघाले. तिथल्या डॉ. रवींद्रनाथ टोणगावकरांनी मच्छरदाणीचे कापड निर्जंतुक करून जाळी म्हणून वापरले. तशाच स्वस्त जाळीची युगांडात ३०२ पुरुषांवर चाचणी झाली, तिचे निष्कर्ष २०१६ साली प्रसिद्ध झाले : वर्षभरात स्वस्त जाळीच्या गटात एकाचा अंतर्गळ उलटला, महागड्या जाळीच्या गटात एकाचाही नाही.

पांझराकाठ :
दोंडाईचाचा अभिमान मलाही आहे, पण एका वर्षाचा हिशेब आयुष्यभर राहणाऱ्या वस्तूला पुरत नाही. शिवाय पुण्याचे डॉ. मोहन देसरडा यांच्या पद्धतीत रुग्णाच्याच स्नायूवरील पातळ, चिवट पडद्याची पट्टी आधाराला घेतात. पोलंडमध्ये २०८ रुग्णांवर तिची जाळीशी तुलना झाली, तेव्हा तीन वर्षांनी दोन्ही गटांत अंतर्गळ उलटण्याचे प्रमाण सारखेच निघाले. मग परकी वस्तू घालायचीच कशासाठी? जांघेतले जुनाट दुखणे ज्याच्या वाट्याला येते, त्याला विचारावे.

शिंदखेडेकर :
दुखण्याचा मुद्दा खरा आहे, परंतु त्याचे सगळे खापर जाळीवर फोडता येत नाही. २०१८ च्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक सूचनांनी शंभरात दहा-बारा जणांना त्रासदायक दुखणे राहते असे म्हटले आहे, ते एकंदर अंतर्गळ-शस्त्रक्रियांबद्दल, आणि तेथील नसा जपल्या की नाही यावरही बरेच अवलंबून असते. देसरडा पद्धतीला तो पडदा धडधाकट लागतो. उमेदीची सगळी वर्षे कापसाच्या गोण्या उचललेल्या मामांचा तो तसा असेल का, हे उघडल्यावरच कळेल.

पांझराकाठ :
तर मग हाच प्रश्न सर्जनना आधी विचारा, आणि दोन्ही पद्धतींचा हात त्यांना बसला आहे का, तेही. एकच येत असेल तर त्यांच्या सरावाची शस्त्रक्रिया घ्यावी, मग ती जाळीची असली तरी. एवढे मात्र बजावतो : बाजारातली कीटकनाशक लावलेली मच्छरदाणी घेऊन कोणी दवाखान्यात जाऊ नये.