बी विंगमधल्या उलट्या-जुलाब

बी-३०२: राग मानू नका, पण सांगावं लागतंय. आमच्या मजल्यावर रविवारी रात्री लेकराला उलट्या, काल त्याच्या आईला, आज आजोबांना. काय चाललंय हे?

ए-१०४: टाकी धुतली का?

सी-२०१: गुरुवारच्या प्रसादाचंच असणार. खीर आंबट होती.

ए-२०३: खीर आमची होती. सगळ्यांनी दोनदा घेतली. आता बोलायलात होय?

डी-१ सिस्टर अक्का: भांडू नका. शिळ्या खिरीचं विष असतं तर १ ते ६ तासांत, खाणाऱ्यांना एकदमच उलट्या लागल्या असत्या. इथं एकेक दिवसाच्या अंतरानं पडायलेत, म्हणजे माणसाकडून माणसाला. नोरोव्हायरस हा पोटाचा विषाणू शिरला की १२ ते ४८ तासांत उठतो: अचानक उलटी, पाण्यासारखे जुलाब, पोटात कळ, बारीक ताप. १ ते ३ दिवसांत उतरतो. शौचात रक्त किंवा ताप चढलेला असेल तर दुसरं काहीतरी आहे, डॉक्टर गाठा.

ए-१०४: टाकीचं विचारलं होतं.

सी-२०१: सॅनिटायझर लावला की झालं.

सिस्टर अक्का: नाही चालत, या विषाणूवर अल्कोहोल फार कमी पडतं. साबण आणि वाहतं पाणी, २० सेकंद. उलटी कागदानं उचला, झाडू फिरवू नका. मग १ लिटर पाण्यात ४ टक्क्यांचं ब्लीच २५ मिली, १० मिनिटं राहू द्या. त्यात टॉयलेटचं ॲसिड अजिबात नको, विषारी वायू होतो. नळ, कड्या, लिफ्टचं बटण पुसा.

बी-१०१: लिफ्ट दोन आठवडे बंद आहे. मेंटेनन्स मात्र वेळेवर मागता.

सचिव: तो विषय मीटिंगला. कृपया.

बी-३०२: आजोबा पाणी पिले की ओकायलेत.

सिस्टर अक्का: १० मिनिटं थांबा, मग ओआरएस चमच्याचमच्यानं. पाकिटावर लिहिलंय तेवढंच पाणी. कमी घातलं तर मीठ जास्त होतं, तेच धोक्याचं. पाकीट नसेल तर १ लिटरला चहाचे ६ सपाट चमचे साखर, चहाचा अर्धा चमचा मीठ. मिठाची गंजी (पेज) चालते, डब्यातला ज्यूस नको. ६-८ तास लघवी नाही, जीभ कोरडी, डोळे खोल, गुंगी: लगेच बिम्सला, सरकारी हॉस्पिटलात, न्या. लेकराला जुलाब बांधायची गोळी देऊ नका.

ए-१०४: टाकी?

सचिव: उद्या १० वाजता टाकीवाला येतोय. तोवर उकळून प्या.

सिस्टर अक्का: आणि बरं झाल्यावरही दोन दिवस स्वयंपाक नको, शौचातून विषाणू दोन आठवडे, कधी जास्तही जातो. परवाच्या हळदीकुंकवाचा भात ३०२ च्या वहिनींनी करू नये.

ए-२०३: आम्ही करतो. खीर मात्र नाही.