हरीण कुणाचं? बाहेरच्या राज्यातल्या शिकाऱ्यांची फी वाढतेय त्याबद्दल

रंकाळ्याचा_पाहुणा (धागाकर्ता):
आधीच सांगून टाकतो, शिकार बरोबर की चूक हा विषय नाही, त्यावर वेगळा धागा काढा, तिथं येऊन निमूट शिव्या खाईन. विषय फीचा आहे. मी शिकागोच्या पश्चिमेला राहतो, म्हणजे इलिनॉयवाला, आणि गेली सहा वर्षं ऑफिसातल्या लोकांबरोबर विस्कॉन्सिनला हरणाच्या गन सीझनला (बंदुकीनं शिकारीच्या हंगामाला) जातो. नऊ दिवसांचा सीझन, थँक्सगिव्हिंगच्या आधीच्या शनिवारी सुरू होतो, गावागावांत दिंडी निघाल्यासारखे सगळे केशरी जाकिटात. २०२३ च्या बजेटात त्यांनी बाहेरच्यांचं लायसन १६० चं २०० डॉलर केलं. तिथला रहिवासी तेच २४ ला घेतो. आठपट!! आणि विस्कॉन्सिन तरी बरं म्हणायचं, वायोमिंगनं २०२४ पासून बाहेरच्यांचं 'स्पेशल' हरीण लायसन (जास्त पैसे भरून सोडतीत नंबर लागायची शक्यता वाढवणारं) ६६२ वरून थेट १२०० वर नेलं, रहिवाशाला ४२.
आमचा ग्रुप पाच जणांचा होता, यंदा दोघंच उरलोय. जे गळाले ते हौशी नव्हते हो, त्यातला एक वेअरहाऊसमधे काम करणारा, दोन मुलं, वर्षभराचं मटण फ्रीझरला पडायचं म्हणून यायचा. पैसेवाल्याला १२०० काय आणि २४०० काय. म्हणजे फी वाढवून गर्दी कमी नाही होत, गरीब तेवढा कमी होतो. आणि हरीण काय स्टेट लाईन बघून चरतं का? रात्री माझ्या राज्यात मका खातं, सकाळी त्यांच्या राज्यात जाऊन त्यांचं होतं.

सीडर_नदीकाठची:
भाऊ, मी आयोवात पंधरा वर्षं आहे, नवरा इथलाच, सासरे शेतकरी. तुमची आठपट ऐकून हसू आलं. आमच्याकडे बाहेरच्यांना नर मारायची वर्षाला साधारण ६००० च लायसन्स, ती पण ड्रॉने (सोडतीने), चांगल्या झोनमधे नंबर लागायला तीन-चार वर्षं सोडतीतल्या प्राधान्याचे पॉइंट साठवत बसायचं, आणि लागला की सगळं मिळून सहाशेच्या वर. तरी लोक रांगेत उभे आहेत. का? कारण इथं नर मोठे होतात. आणि ते मोठे का होतात, तर शिकाऱ्यांची संख्या आवरून धरली म्हणून. उद्या दार सताड उघडलं तर पाच वर्षांत इथंही दीड वर्षाची पोरंच मारली जातील.
आणि 'माझ्या राज्यात मका खातं' म्हणालात ते बरं झालं. मका कुणाचा हो? सासऱ्यांच्या बांधाला लागून झाडी आहे, तिथल्या पहिल्या दहा-बारा ओळी दरवर्षी हरणांच्या. सोयाबीन तर कोवळं असताना शेंडे खुडल्यासारखं खातात. नवऱ्याची गाडी दोनदा हरणाला धडकली, दुसऱ्यांदा हेडलाईटच्या खोबणीत केसांचा पुंजका अडकलेला, मला अजून ते आठवलं की कसंतरी होतं. वर्षाचे ३६५ दिवस हरणं आम्ही पोसतो, तुम्ही नऊ दिवस येणार.

वकील_नाही_पण:
कायद्याची बाजू मांडतो, कारण हे भांडण जुनं आहे. मोंटानात १९७६ साली एल्कचं (मोठ्या जातीच्या हरणाचं) लायसन रहिवाशाला ९ डॉलर आणि बाहेरच्याला २२५ चं कॉम्बिनेशन (इतर जनावरांसकट एकत्र लायसन) घ्यावंच लागायचं, पंचवीसपट. ते सुप्रीम कोर्टात गेलं, बाल्डविन केस, १९७८. कोर्ट म्हणालं एल्कची शिकार ही करमणूक आहे, पोटापाण्याचा प्रश्न नाही, त्यामुळे राज्य भेद करू शकतं. त्याच्या उलट १९४८ ची टूमर केस बघा, साऊथ कॅरोलायनानं कोळंबीच्या बोटीला रहिवाशांकडून २५ आणि बाहेरच्यांकडून २५०० लावले होते, ते कोर्टानं उडवलं, कारण तो धंदा होता, लोकांचं पोट होतं. पुढे २००५ मधे इथल्या काँग्रेसनंही (म्हणजे संसदेनं) कायदा करून राज्यांचा हा अधिकार पक्का केला. तेव्हा रंकाळाकर, कोर्टाच्या हिशोबात तुमचा वेअरहाऊसवाला मित्र करमणूक करतोय.

रंकाळ्याचा_पाहुणा:
@वकील कायदेशीर आहे हे मलाही माहितीये हो, बेकायदा कोण म्हणालं. टोल पण कायदेशीर असतो, म्हणून आपण त्यावर बोंबलत नाही का?
@सीडर ताई, पिकाचं पटलं. पण मग मला सांगा, मी भरलेल्या २०० मधून तुमच्या सासऱ्यांसारख्या शेतकऱ्याच्या हातात थेट किती पडतात?

कारंजा_लाड_ते_डेन्व्हर:
मी धागाकर्त्याच्या बाजूने. एक गोष्ट कुणी बोललंच नाही. १९३७ च्या पिटमन-रॉबर्टसन कायद्याने रायफल आणि काडतुसांवर ११ टक्के फेडरल कर आहे. तो पैसा राज्यांना वाटताना निम्मा क्षेत्रफळावर आणि निम्मा लायसनधारकांच्या संख्येवर वाटतात. म्हणजे बाहेरचा माणूस लायसन घेतो तेव्हा फी तर देतोच, वर त्याच्या डोक्यामागे वॉशिंग्टनचा पैसापण त्या राज्याला मिळतो. आणि पश्चिमेकडे तर जवळपास अर्धी जमीनच फेडरल, म्हणजे माझी, तुमची, सगळ्यांची. त्या जमिनीवर मी तंबू ठोकू शकतो, फोटो काढू शकतो, पण वायोमिंगमधल्या फेडरल विल्डरनेसमधे (राखीव रानात) बाहेरच्यानं मोठं जनावर मारायचं तर गाईड घ्यायलाच पाहिजे असा राज्याचा नियम. रहिवाशाला गाईड लागत नाही. सुरक्षेसाठी म्हणावं तर अस्वलं काय आधारकार्ड बघून हल्ला करतात?

तुळशीवृंदावन:
मूक जनावरं मारायची आणि वर फी जास्त म्हणून रडायचं. धन्य.

कारंजा_लाड_ते_डेन्व्हर:
ताई/दादा, पहिली ओळ वाचा धाग्याची. आणि आमच्या वाशिमकडे या, रोही (नीलगायी) आणि रानडुकरांनी रात्रीत तूर झोपवलेली दाखवतो, मग मूक कोण ते ठरवू.

पेठेतला_उसगावकर:
मला गंमत वाटते. आपल्याकडे एमबीबीएसच्या सरकारी जागांत ८५ टक्के राज्याच्या, तिथं डोमिसाइल पाहिजेच म्हणून आपणच भांडतो, बाहेरची मुलं आली की गळे काढतो. इथंही स्टेट युनिव्हर्सिटीत बाहेरच्या पोराला दुप्पट-तिप्पट ट्यूशन, ती मुकाट भरतो. हरणाला मात्र एकदम अखंड अमेरिका आठवली! जे राज्य वर्षभर कर भरणाऱ्यांच्या जिवावर चालतं त्यानं आपल्या लोकांना झुकतं माप दिलं तर काय बिघडलं. बाय द वे, तुमच्या स्वतःच्या इलिनॉयमधे बाहेरच्याला धनुष्यबाणाचं कॉम्बो परमिट चारशेच्या वर आहे, त्यावर कधी धागा काढल्याचं आठवत नाही 😄

रंकाळ्याचा_पाहुणा:
हा वर्मी लागला, मान्य. काढायला पाहिजे होता.
पण करमणूक या शब्दावर एक सांगतो. मागच्या वर्षी दुसऱ्या दिवशी पहाटे साडेपाचला स्टँडवर (मचाणावर) चढलो, उणे अकरा सेल्सियस, थर्मासच्या झाकणातला चहा चार घोटांत गार. सात वाजून गेल्यावर मादी आली, तिच्यामागे दुसरी. मारली, दोरीनं ओढत पाऊण मैल आणली, त्यात माझं जाकीट घामानं भिजलं आणि मिशीवर बर्फ. मित्राच्या गॅरेजमधे सोलली. बायकोनं कांदाखोबऱ्याचं वाटण लावून सुकं केलं. चरबी नसते या मटणाला, म्हणून तेल जरा सढळ लागतं. भिंतीवर शिंगं टांगणारे वेगळे, आमच्यासारखे फ्रीझर भरणारे वेगळे, आणि फी दोघांना एकच, हे माझं खरं दुखणं आहे, मगाशी रागात नीट लिहिता आलं नाही.

सीडर_नदीकाठची:
आता मुद्द्यावर आलात. मादी मारणारे आम्हाला हवेच आहेत! हरणांची संख्या कमी होते ती माद्या मारल्यानं, एक नर गेला तर दुसरा असतोच. पण बाहेरून येणाऱ्या दहांतल्या नऊ जणांना शिंगंच हवी असतात हा माझा अनुभव, गावातल्या मोटेलच्या पार्किंगमधे ट्रकांच्या मागे काय बांधलेलं असतं ते बघते ना मी.

मेंडोटाकाठ:
विस्कॉन्सिनचा रहिवासी, २४ वाला, शिव्या घालायला हरकत नाही. वरच्या मुद्द्यात एक भर. आमच्याकडे मादीचं बोनस टॅग (जादा मादी मारायचा परवाना) रहिवाशाला १२ आणि बाहेरच्याला फक्त २०, म्हणजे तिथं जवळपास समानता आहे. पण ते घ्यायच्या आधी २०० चं लायसन हवंच, तिथं घोडं अडतं. माझ्या मते फक्त मादीसाठी वेगळं स्वस्त लायसन काढावं बाहेरच्यांना, पन्नास-साठचं. आमच्या दक्षिणेकडच्या काउंट्यांत सीडब्ल्यूडी आहे (हरणांचा मेंदू सडवणारा रोग, राज्यात २००२ ला पहिल्यांदा सापडला), तिथं हरणं कमी व्हायला हवीत, आणि इकडचे म्हातारे शिकारी दरवर्षी घटतायत, पोरं मोबाईलमधे. नराचं लायसन मात्र ३०० करा, माझी ना नाही.

पेठेतला_उसगावकर:
३०० कशाला, १२०० करा वायोमिंगसारखं, नर हवाय ना.

कारंजा_लाड_ते_डेन्व्हर:
असहमत. शिंगांसाठी येणारा गरीब असू शकत नाही हे कुणी ठरवलं? माझ्या ओळखीचा एक प्लंबर आहे, दहा वर्षं डबा खाऊन पैसे साठवतोय एका म्यूल डिअरसाठी (पश्चिमेकडची हरणाची जात). त्याचं स्वप्न महाग का?

सीडर_नदीकाठची:
कारण ते स्वप्न कुणाच्या तरी मक्यावर वाढलंय.

मेंडोटाकाठ:
म्यूल डिअर मक्यावर नाही हो वाढत, सेजब्रशवर (माळावरचं झुडूप) :) पण कळलं.

रंकाळ्याचा_पाहुणा:
मेंडोटाकाठ, तुमची मादीवाली आयडिया पन्नास-साठला असेल तर माझे तिघं उद्या परत येतील, लिहून देतो. तोवर काय, काल रात्री २०० भरून मोकळा झालो, बायकोला सांगितलेलं नाही. सीडब्ल्यूडीच्या तपासणीचं सँपल तुमच्या काउंटीत कुठं टाकायचं ते सांगा, गेल्या वर्षीचा ड्रॉपबॉक्स हलवलाय म्हणे.

मेंडोटाकाठ:
व्यनि (व्यक्तिगत निरोप) करतो.