मदत हवी आहे: भोकं नसलेल्या एमटीबीला (माउंटन बाइकला) मागचं कॅरियर
डिसेंबरात मित्र आणि मी ठाण्याहून मालवणला सागरी मार्गाने सायकलवर निघतोय. आगरदांडा-दिघी, दाभोळ-धोपावे वगैरे खाड्या फेरीबोटीने. त्याचं कॅरियर बसलं, घोडं माझं अडलंय.

माझी २९ इंची एमटीबी, अ‍ॅल्युमिनियम फ्रेम, मागे डिस्क ब्रेक, क्विक रिलीज (खटक्याने निघणारं) चाक. फ्रेमला कॅरियरची भोकंच नाहीत. सीटपोस्टला (सीटखालच्या दांड्याला) आवळायचं कॅरियर लावून ९ किलो सामानासकट येऊरच्या डोंगरावर गेलो. उतारावर ते फिरून टायरला घासलं. मध्ये रबर घालून पाहिलं, तरी तेच. पाठीवर सॅक नको (कंबर आधीच कुरकुरते), नवी सायकल बजेटबाहेर.

चाकाच्या अ‍ॅक्सलवर भार घेणारं कॅरियर डिस्कच्या कॅलिपरला (ब्रेकच्या चिमट्याला) न अडता बसतं का? ठाणे-नवी मुंबईत कुणी बसवून घेतलंय का, आणि किती किलोपर्यंत निभावलं?